बदलीच्या आदेशावरची सही नेमकी कोणत्या नात्याने?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. भाऊ ठाणे जिल्ह्यातल्या एका पोलीस आयुक्तालयात सहायक पोलीस निरीक्षक आहे. पोलीस ठाण्यात जेमतेम 14 महिने झाले आणि त्याच आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात बदली झाली. आदेशात ‘आयुक्तालय स्तरावरील पोलीस आस्थापना मंडळाच्या बैठकीतील निर्णयानुसार, प्रशासकीय कारणास्तव’ एवढंच लिहिलंय, खाली सही पोलीस उप आयुक्त (मुख्यालय) यांची. मंडळातले हे वरिष्ठ अधिकारी कायद्याने कोण लागतात: सल्लागार, निर्णय घेणारे, की नुसते साहेब? मंडळातल्या एका पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे होता, तर निर्णय टिकतो का? आणि दाद मागताना प्रतिवादी कोणाला करायचं?

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आयुक्त, सह आयुक्त, उप आयुक्त ही पदं वेगळी आणि मंडळाचे अध्यक्ष, सदस्य, सदस्य सचिव ही नाती वेगळी. माणूस तोच, खुर्चीही बहुधा तीच, पण अधिकार कुठून येतो ते बदलतं. आयुक्त म्हणून बंदोबस्त लावायला, रजा द्यायला, मनाई आदेश काढायला त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. मुदतपूर्व बदली मात्र आयुक्त एकटे करू शकत नाहीत. तो अधिकार मंडळाला आहे आणि आयुक्त त्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, इतकंच. निम्म्या प्रकरणांत घोळ इथेच असतो. निर्णय आयुक्तांनी आयुक्त म्हणून घेतलेला असतो आणि मंडळाचा कागद मागाहून जोडलेला असतो.

हे सगळं आलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंह निकालातून. राज्याराज्यांत सुरक्षा आयोग, बदल्या-नेमणुका बघणारं आस्थापना मंडळ आणि तक्रार प्राधिकरण उभं करा, असं न्यायालयाने सांगितलं. महाराष्ट्राने 2014 मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मध्ये दुरुस्ती करून कलम 22 ख पासून पुढची कलमं घातली आणि 2015 मध्ये त्यात आणखी फेरफार केले. (इंग्रजी प्रतीत हीच कलमं 22बी, 22सी, 22एन अशी दिसतील. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सगळे इंग्रजी अक्षरानेच बोलतात, म्हणून पुढे मीही तसंच लिहितो.)

राज्य सुरक्षा आयोगाचं लवकर उरकू, कारण बदलीशी त्याचा संबंध नाही. कलम 22बी. गृहमंत्री अध्यक्ष, विधानसभेतले विरोधी पक्षनेते, मुख्य सचिव, गृह विभागाचे अपर मुख्य सचिव, पाच अशासकीय सदस्य, आणि पोलीस महासंचालक सदस्य सचिव. इथे महासंचालक दलाचे प्रमुख म्हणून बसत नाहीत, आयोगाचं दप्तर सांभाळणारे म्हणून बसतात. आयोगाचं काम धोरणाचं आहे. वैयक्तिक बदलीची तक्रार तिथे पाठवली तर ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते आणि तेवढ्यात मॅटची मुदत संपत येते.

आता आस्थापना मंडळं. मंडळ क्रमांक 1 मध्ये अपर मुख्य सचिव (गृह) अध्यक्ष, पोलीस महासंचालक उपाध्यक्ष, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे महासंचालक आणि मुंबईचे पोलीस आयुक्त सदस्य, अपर पोलीस महासंचालक (आस्थापना) सदस्य सचिव. एवढी मोठी माणसं, पण हे मंडळ पोलीस उप अधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकांबाबत फक्त शिफारस करतं. निर्णय दुसऱ्याचा. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यासाठी सक्षम प्राधिकारी मुख्यमंत्री, राज्य सेवेतल्या उप अधीक्षक किंवा सहायक आयुक्तासाठी गृहमंत्री. ठाण्यातल्या एखाद्या सहायक पोलीस आयुक्ताची बदली झाली, तर मंडळ 1 चं इतिवृत्त म्हणजे शिफारसपत्र आणि गृहमंत्र्यांची टिप्पणीवरची सही म्हणजे निर्णय. दोन्ही कागद हवेत. एकच असेल तर दुसरा मागा.

निरीक्षक आणि त्याखालच्यांसाठी चित्र उलटं आहे, आणि तुमचा भाऊ याच रांगेत येतो. कलम 22एन(2) च्या स्पष्टीकरणातला तक्ता नीट वाचा. परिक्षेत्राबाहेर किंवा आयुक्तालयाबाहेर बदली असेल तर सक्षम प्राधिकारी महासंचालकांच्या अध्यक्षतेखालचं मंडळ क्रमांक 2. आयुक्तालयाच्या आतल्या आत असेल तर आयुक्तालय स्तरावरचं मंडळ. जिल्ह्याच्या आत, उपनिरीक्षकापर्यंत, जिल्हा स्तरावरचं मंडळ. म्हणजे जी माणसं पदाने खालची आहेत, त्यांचं मंडळ इथे शिफारस करत नाही, थेट निर्णय घेतं. मंत्रालयातल्या मंडळाचा शब्द सल्ला आणि आयुक्तालयातल्या मंडळाचा शब्द आदेश, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला विचित्र वाटतं. कायदा तसाच आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. आधी बदली कुठून कुठे झाली ते पाहा. ठाणे जिल्ह्यात हे वाटतं तितकं सोपं नाही. ठाणे शहर आयुक्तालय 1981 पासूनचं, नवी मुंबई 1994 पासूनचं, मीरा-भाईंदर, वसई-विरार 2020 पासूनचं, आणि उरलेला भाग ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे. नवी मुंबई आयुक्तालयात पनवेल आणि उरण येतात, जे महसुली हिशेबाने रायगड जिल्ह्यात आहेत. त्यामुळे वाशीहून पनवेलला बदली झाली तर जिल्हा बदलला तरी आयुक्तालय बदललेलं नाही आणि नवी मुंबईचं मंडळ पुरतं. मात्र वाशीहून ठाण्यातल्या कोपरीला बदली झाली तर अंतर दोन खाड्यांचंसुद्धा नाही, पण आयुक्तालय बदललं. तिथे मंडळ क्रमांक 2 शिवाय आदेश निघू शकत नाही. आदेश कोणत्या आयुक्तांनी काढला यापेक्षा कोणत्या मंडळाने निर्णय घेतला, हे आधी बघायचं ते यासाठी.

आयुक्तालय मंडळाची रचना कलम 22आय मध्ये आहे. आयुक्त अध्यक्ष, सह आयुक्त, अपर आयुक्त किंवा उप आयुक्त या दर्जाचे दोन ज्येष्ठतम अधिकारी सदस्य, उप आयुक्त (मुख्यालय) सदस्य सचिव. यांपैकी कोणीही मागासवर्गीय नसेल तर त्या वर्गातला आणखी एक अधिकारी सदस्य म्हणून घ्यावा लागतो. ही अट शोभेची नाही. रचनेत हा सदस्य नसणं, किंवा ‘ज्येष्ठतम’ ऐवजी सोयीचा अधिकारी बसवणं, हा आक्षेप तांत्रिक वाटला तरी त्याने थेट अधिकारालाच धक्का लागतो. त्यासाठी बैठकीच्या तारखेला आयुक्तालयात कोण कोण हजर होते आणि त्यांची ज्येष्ठता काय, हे हाताशी असावं लागतं. नुसतं ‘रचना चुकीची होती’ असं लिहून भागत नाही.

अतिरिक्त कार्यभाराचं. मंडळातली जागा पदाची असते, व्यक्तीची नसते. म्हणून मुख्यालय उप आयुक्तांच्या पदाचा पूर्ण अतिरिक्त कार्यभार रीतसर आदेशाने परिमंडळाच्या उप आयुक्तांकडे दिला असेल, तर ते सदस्य सचिव म्हणून बसू शकतात. त्या काळापुरते ते त्या पदाची कामं करणारे अधिकारीच असतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, आदेशात ‘दैनंदिन कामकाज पाहावे’ असं असेल. दैनंदिन कामकाज म्हणजे टपाल आणि रजा. कायद्याने एखाद्या पदाला नावानिशी दिलेला अधिकार त्यात येतो का, यावर चांगला वाद उभा राहतो. दोन, एकच माणूस दोन नात्यांनी सही करतो: एकदा ज्येष्ठ सदस्य म्हणून आणि एकदा सदस्य सचिव म्हणून. चार जणांचं मंडळ मग तीन डोक्यांचं होतं. इतिवृत्ताच्या शेवटच्या पानावर सह्या मोजायच्या नाहीत, माणसं मोजायची.

पण या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. गोकराजू रंगराजू प्रकरणात (1981) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व आड येतं: पदावर बसलेल्या माणसाच्या नेमणुकीत दोष निघाला, तरी त्याने त्या पदाच्या नात्याने केलेली कृती आपोआप रद्द ठरत नाही. महासंचालकांच्या नेमणुकीबद्दल 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘कार्यवाहक’ महासंचालक नेमू नका असं बजावलं. म्हणून अशा महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली मंडळ क्रमांक 2 ने केलेल्या सगळ्या बदल्या कोसळतात, असं नाही. नेमणुकीतला दोष आणि मंडळाच्या रचनेतला दोष हे वेगळे ठेवा. पहिल्याला हे तत्त्व वाचवतं, दुसऱ्याला सहज वाचवत नाही.

आता कारणाकडे या, कारण प्रकरण बहुधा इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. सहायक निरीक्षकाचा पोलीस ठाण्यातला नेहमीचा कार्यकाल दोन वर्षं, आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेत आणि विशेष शाखेत तीन, मुंबई सोडून इतर आयुक्तालयात एकूण सहा. 14 महिन्यांत हलवलं म्हणजे मध्यावधी बदली. एप्रिल-मेमध्ये, कार्यकाल पूर्ण झाल्यावर होते ती सर्वसाधारण. बाकी सगळी मध्यावधी. 22एन(1) च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या ‘परंतु’च्या भागात, पाच कारणं आहेत: शिस्तभंगाची कारवाई सुरू किंवा विचाराधीन असणं, न्यायालयाने दोषी ठरवणं, भ्रष्टाचाराचे आरोप, काम करण्यास असमर्थ होणं, कर्तव्यात कसूर. ही पाच कारणं वापरण्याचा अधिकार तिथे ‘राज्य शासनाला’ दिलाय. मंडळासाठीची वाट 22एन(2) मध्ये आहे: अपवादात्मक प्रकरणी, लोकहितार्थ आणि प्रशासकीय निकडीमुळे. मधला ‘आणि’ विसरू नका. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द त्या तिन्ही अटींची जागा घेऊ शकत नाहीत. अपवाद काय, लोकहित कोणतं, निकड कसली, हे इतिवृत्तात दिसायला हवं.

आदेशात कारण नसलं तरी इतिवृत्तात असू शकतं, आणि न्यायाधिकरण इतिवृत्त बघतं. म्हणून आदेश कोरा आहे एवढ्यावर उड्या मारू नका. मात्र इतिवृत्तातही नसेल आणि नंतरच्या प्रतिज्ञापत्रात अचानक तीन पानं कसुरी निघाल्या, तर मोहिंदर सिंग गिल (1978) दाखवायचा: आदेश ज्या कारणांवर काढला त्याच कारणांवर उभा राहिला पाहिजे, मागाहून टेकू लावता येत नाही. आणि इतिवृत्तात कसुरीचा उल्लेख असून चौकशी मात्र काहीच नाही, अशी स्थिती असेल तर सोमेश तिवारी (2009) उपयोगी पडतो: शिक्षेच्या जागी केलेली बदली कायद्याच्या दृष्टीने दुष्ट हेतूचीच.

इतिवृत्त हातात आलं की कसं वाचायचं, ते एका नमुन्यावर सांगतो. वर बैठकीची तारीख आणि वेळ. खाली तक्ता: अनुक्रमांक, नाव, सध्याची नेमणूक, हजर झाल्याची तारीख, बदलीचं ठिकाण, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘प्रशासकीय कारणास्तव’ आणि खाली सोळा ओळींत वरीलप्रमाणे दाखवणाऱ्या दोन टिंबांची रांग. सतरा माणसं, सतरा वेगळी पोलीस ठाणी, कारण एक. मंडळाने प्रत्येकाचा विचार केलाच नाही, हे त्या टिंबांवरूनच कळतं. मग आदेशाचा जावक क्रमांक आणि तारीख बैठकीच्या तारखेशी लावून बघा. बैठक सायंकाळी पाचची आणि आदेश त्याच दिवशी दुपारीच पोलीस ठाण्याच्या टपालात आलेला असेल, तर पोलीस ठाण्याच्या आवक नोंदवहीचा उतारा सोन्याच्या मोलाचा. रजेवर असलेल्या सदस्याची सही आहे का तेही बघा. कधी बैठकच होत नाही, फाइल घरोघरी फिरवून सह्या घेतल्या जातात. सगळ्या सह्यांखालच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर तो संशय घ्यायला जागा आहे.

नियंत्रण कक्षाचा आणखी एक पैलू. आदेशात ‘बदली’ न म्हणता ‘संलग्न करण्यात येत आहे’ असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणजे मंडळ, कारण, कार्यकाल सगळंच टळतं. पगार जुन्या पोलीस ठाण्यातून, ड्युटी कक्षात. असं संलग्न करणं बेमुदत असेल आणि मूळ जागी दुसरा अधिकारी नेमलाही असेल, तर ती नावापुरती संलग्नता आहे, खरी बदलीच आहे, असा मुद्दा घ्या. दुसऱ्या अधिकाऱ्याचा हजर अहवाल जोडा.

एक अपवाद माहीत असू द्या. 2015 च्या परंतुकानुसार गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकारी मंडळाच्या शिफारशीशिवायही बदली करू शकतो. तक्त्याच्या टोकाला मुख्यमंत्री आहेत. आयुक्त नाहीत, महासंचालकही नाहीत. ‘वरून आदेश होता’ असं तोंडी सांगितलं जातं तेव्हा विचारायचं ते हेच: वरून म्हणजे कुठून, आणि कागद कुठे? निवडणुकीच्या काळातल्या बदल्या वेगळ्या. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 28ए खाली निवडणुकीच्या कामावरचे पोलीस त्या काळापुरते निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर मानले जातात आणि आयोगाच्या निर्देशांनी झालेल्या बदल्यांना आव्हान देणं बरंच अवघड जातं.

कागद मिळवण्याबद्दल. माहिती अधिकाराचा अर्ज आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. ‘माझी बदली का झाली’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. मागायचं ते असं: अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त, बैठकीची सूचना, मंडळ स्थापन केल्याची अधिसूचना, बैठकीच्या दिवशी सदस्यांकडच्या कार्यभाराचे आदेश, आपल्यासंबंधी मंडळापुढे ठेवलेला अहवाल. इतरांची नावं असल्याने देता येत नाही असं उत्तर आलं तर कलम 10 सांगा, म्हणजे बाकीची नावं झाकून आपला भाग द्या. 30 दिवसांत उत्तर नाही तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील. पुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, बेलापूरला. पण मॅटसाठी याची वाट बघत बसू नका. मॅटमध्ये अर्ज दाखल करून मूळ नस्ती (फाइल) मागवायची विनंती करता येते, आणि ती जलद असते.

प्रतिवादी. आस्थापना मंडळ हे निगम निकाय नाही. त्याला स्वतःची मुद्रा नाही, त्याच्या नावाने दावा करता येईल असं वेगळं कायदेशीर व्यक्तित्व कायद्याने दिलेलं नाही. म्हणून ‘पोलीस आस्थापना मंडळ’ एवढाच प्रतिवादी ठेवून अर्ज करू नका. महाराष्ट्र शासन, अपर मुख्य सचिव (गृह) यांच्यामार्फत. आणि पोलीस आयुक्त, पदनामाने, ‘तथा अध्यक्ष, आयुक्तालय स्तरावरील पोलीस आस्थापना मंडळ’ असं जोडून. मंडळ 2 चा निर्णय असेल तर पोलीस महासंचालकही. भावाच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला नावाने प्रतिवादी करा; स्थगिती मिळाली तर त्याला हलवावं लागेल, त्यामुळे त्याचं ऐकलंच पाहिजे. आयुक्तांना व्यक्तिशः, नावाने, फक्त तेव्हाच ओढा जेव्हा आकसाचा आरोप आहे आणि तो तारीख, प्रसंग, कागद यांनिशी मांडता येतो. आकसाचा आरोप करून माणसाला नावाने प्रतिवादी केलं नाही तर आरोप विचारात घेतला जात नाही. नावाने केलं आणि पुरावा नसला तर चांगल्या तांत्रिक मुद्द्यांवरही त्याची सावली पडते. बहुतेक प्रकरणांत आकसाला हात न लावलेला बरा.

विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणात जावं का, असंही शेवटी विचारलंय. नको. ती यंत्रणा पोलिसांविरुद्ध नागरिकांसाठी आहे: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं वगैरे. तिथे बसणारे माजी न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी नेमणुकीने बसतात, पदामुळे नाही. त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, पण सेवाविषयक वाद त्यांच्या कक्षेत येत नाही.

मॅटच्या अर्जाची मुदत प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 21 प्रमाणे एक वर्ष, पण बदलीत खरी मुदत कार्यमुक्तीची, म्हणजे जुन्या जागेवरून सोडलं जाण्याची, असते. एकदा नव्या जागी हजर झालं की स्थगिती मिळणं कठीण. आधी आयुक्तांकडे एक पानी निवेदन द्या, पोच घ्या, आणि दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. आधी खात्यातले उपाय करून या असं सांगणाऱ्या कलम 20 मधला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द तातडीला जागा ठेवतो. अर्जाच्या प्रती शासनाची बाजू मांडणाऱ्या मुख्य सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच पोचवा, कारण कलम 24 खाली समोरच्याला प्रत आणि संधी न देता मिळालेला अंतरिम आदेश 14 दिवसांनी गळून पडतो. आणि भाऊ आजारी रजेवर गेला असेल तर रजेचा अर्ज कोणत्या पोलीस ठाण्याच्या प्रभारींना दिला ते तपासा. नव्या जागेच्या प्रमुखाला उद्देशून लिहिला असेल तर बदली मान्य केल्याचा तोच पहिला पुरावा म्हणून समोर ठेवला जाईल.